फॉर्म भरला म्हणजे ठरलं असं नाही

सदर : काउंटरपलीकडून
(औषधं, औषधांचं दुकान आणि फार्मसीचं शिक्षण यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे काका ठाणे पूर्वेला, कोपरीत, पस्तीस वर्षांहून अधिक काळ मेडिकल चालवतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी ऐरोलीला राहते. बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. अकरावीपासून ठाण्यात नीटचा क्लास लावलाय. टेस्टमध्ये ७२० पैकी ३८० ते ४१० मध्ये अडकलेय, तीन महिने झाले आकडा हलत नाही. माझ्या मामांचं कळव्याला मेडिकल आहे, रविवारी मी तिथे बसते आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणून बी.फार्म डोक्यात आलं. पण क्लासचे सर म्हणतात, सीईटीचा फॉर्म भरलास की लक्ष फुटेल, यंदा फक्त नीट दे, नाही झालं तर रिपीट कर, फार्मसी कुठे पळून जातेय. बाबा रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत, ते म्हणतात निकाल लागू दे, मग बघू. मामा म्हणतात, आधी डी.फार्मचा डिप्लोमा कर, मग थेट बी.फार्मच्या सेकंड इयरला जा. आम्ही ओबीसी आहोत, जातीचा दाखला आहे. मी फार्मसीला अर्ज नक्की कधी करू? यंदा, निकालानंतर, की पुढच्या वर्षी?
— बारावीतली मुलगी, ऐरोली

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. सर, बाबा, मामा तिघंही तुझ्या भल्याचंच बोलतायत. पण अर्ज करायचा दिवस आणि ठरवायचा दिवस हे एकच आहेत असं तिघंही धरून चाललेत. सगळा घोळ तिथेच आहे. त्या दोन दिवसांत चांगलं सहा-सात महिन्यांचं अंतर असतं.

आधी बाबांचं बघू. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास उघडतो आणि फेब्रुवारीच्या आसपास बंद होतो. पुढे थोडे दिवस लेट फी भरून चालतं, मग तेही नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, पीसीबीची सीईटी साधारण एप्रिलमध्ये, नीट मेच्या पहिल्या रविवारी किंवा त्याच्या आसपास, बारावीचा निकाल मे महिन्यात, सीईटीचा जूनमध्ये. आता तूच सांग, बाबा पेढे वाटून झाल्यावर ‘चल, आता बघू’ म्हणतील तेव्हा बघायला काय उरलेलं असेल? नीटच्या गुणांवरही बी.फार्मचा विचार होतो हे खरं, पण महाराष्ट्रातल्या मुलामुलींचा सरळ रस्ता सीईटीच्या पर्सेंटाइलचाच आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८२ साली मी बारावी झालो. आमच्या वडिलांचंही ‘निकाल लागू दे’ हेच. तेव्हा सीईटी नव्हती, कॉलेजच्या खिडकीवर जाऊन फॉर्म आणायचा. गुणपत्रिका हातात आल्यावर मी ऐटीत गेलो, तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, काल संपले. ते वर्ष मी प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका होलसेल दुकानात खोकी उचलण्यात काढलं. हातगाडीवरून खोकी कोसळली की आतली कुठली बाटली फुटली ते वासावरून ओळखता यायचं, एवढं शिकलो.

म्हणून फॉर्म याच आठवड्यात भर. शुल्क हजाराच्या घरात आहे, राखीव प्रवर्गाला थोडं कमी. एका टेस्ट सिरीजपेक्षा स्वस्त. आणि फॉर्म भरणं म्हणजे साखरपुडा नाही. स्थळ बघून ठेवण्याइतकंच त्याचं बंधन.

लक्ष फुटण्याबद्दल सर बोलले त्यात थोडं तथ्य आहे, पण त्यांना वाटतं तेवढं नाही. पीसीबीच्या सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न, दोन्ही मिळून ९० मिनिटं. मग बायोलॉजीचे १०० प्रश्न, त्यालाही ९० मिनिटं. एकूण २०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटच्या सवयीने तू शंका आली की प्रश्न सोडून देशील. इथे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे, आणि आधार राज्य मंडळाच्या पुस्तकांचा. बोर्डासाठी ती पुस्तकं तू वाचणारच आहेस. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की घड्याळ लावून सीईटीचे चार-पाच जुने पेपर सोडव. मुलं अडतात ती वेगामुळे, अभ्यासामुळे नाही.

आता कागदपत्रं. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या काउंटरवर दर पावसाळ्यात एकतरी बाप छत्री मिटवून विचारतो, ‘इथे जवळ सेतू केंद्र कुठे हो?’ जातीचा दाखला आहे असं तू लिहिलंस. व्हॅलिडिटीचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे ती नाही असं धरतो. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून येतं. सायन्सच्या मुलांचे अर्ज कॉलेजमार्फत जातात. उद्याच ऑफिसात जाऊन विचार. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले लागतील; ते गावच्या शाळेत असतील तर कुणाला तरी गाडीत बसवावं लागेल. काही वर्षं सरकारने पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत वाढवली, पण मुदतवाढीच्या भरवशावर राहणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणं. दुसरं, नॉन-क्रीमिलेअर. घरात जुनं असेल तर त्यावरची तारीख बघ. ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. एक मुलगी माझ्याकडे प्रशिक्षणाला होती, तिचं प्रमाणपत्र प्रवेशाच्याच वर्षी मार्चात संपलं होतं आणि ते लक्षात आलं कागद तपासणीच्या टेबलावर. तिची जागा वाचली, पण त्या दहा दिवसांत तिच्या आईचं बीपी माझ्याच दुकानात मोजलं गेलं. तिसरं, डोमिसाईल. चौथं, उत्पन्नाचा दाखला. तो महत्त्वाचा, कारण २०२४-२५ पासून राज्यात वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, आणि त्यात फार्मसी येते. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा. बाकीचे शुल्क कॉलेजात विचारून घे, ते सगळीकडे सारखे नसतात.

कॅपची नोंदणी निकालांनंतर. फार्मसीच्या फेऱ्या गेली काही वर्षं इंजिनीअरिंगच्या मागून रेंगाळत चालतात, कारण कॉलेजांना फार्मसी कौन्सिलची त्या वर्षीची मान्यता यावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. मुलं कंटाळतात, शेजारी विचारतात ‘अजून नाही झालं का?’ तुझ्यासाठी मात्र हा उशीर सोयीचा आहे. तोवर नीटचा निकाल हातात असेल, मेडिकलच्या याद्याही फिरायला लागलेल्या असतील.

पसंतीक्रम भरताना एक चूक करू नकोस. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत सुधारणा नाही. तेव्हा ‘हे मिळेलच’ म्हणून जवळचं कॉलेज वर टाकायचं नाही. माटुंग्याची आयसीटी आणि कलिनाचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी मनात असतील तर तीच वर. त्यांच्याखाली आपल्या पट्ट्यातली बेलापूर, नेरूळ, सानपाड्याची. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने बेलापूर आणि नेरूळ एका गाडीत होतात, सानपाड्याला वाशीची गाडी. माटुंग्याला जायचं तर उलट्या दिशेने ठाणे आणि मग सेंट्रलची गर्दी. सकाळच्या प्रॅक्टिकलला चार वर्षं हे करायचंय, म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी एकदा तो प्रवास करूनच बघ.

जागा मिळाली तर ती स्वीकार. नंतर मेडिकलच्या यादीत मनासारखं काही लागलं, तर ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केल्यास हजार रुपये कापून फी परत मिळते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिही. टीसी एकच असते, तेव्हा ती कॉलेजात देण्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेव.

आणि हाच तो ठरवायचा दिवस. आज नाही, कॉलेजात रिपोर्टिंगला जायचं तेव्हा. त्या दिवशी टेबलावर नीटचे गुण असतील, सीईटीचं पर्सेंटाइल असेल आणि मिळालेल्या कॉलेजचं नाव असेल. आज तुझ्यासमोर यातलं काहीच नाही, फक्त सरांचा आवाज आहे. पुढच्या वर्षीची रिपीटर बॅच तेच चालवतात का, हे मी विचारत नाही. तू विचार कर. ४०० च्या आसपास सरकारी एमबीबीएस ओबीसीतूनही मिळत नाही, हे तुलाही माहीत आहे. तीन महिने आकडा एकाच जागी असेल तर तो का अडकलाय हे शोध. फिजिक्स राहिलंय म्हणून अडकला असेल तर वर्षभरात सुटू शकतो. सगळे धडे तीनदा होऊनही तिथेच असेल, तर आणखी एक वर्ष तोच क्लास, तीच बाकं, हे मला पटत नाही. बी.फार्मला प्रवेश घेऊन मागच्या दाराने नीटची तयारी करेन, असं मनात आणू नकोस. बी.फार्मला ८० टक्के हजेरी लागते, पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी आणि ऑरगॅनिक-इनऑरगॅनिकचा ढीग असतो. दोन्हीकडे हाताला काही लागत नाही.

मामांचा सल्ला मी टाकून देणार नाही, कारण मी स्वतः डी.फार्मवाला आहे. हिशोब साधा आहे. थेट बी.फार्म चार वर्षं. डी.फार्म दोन वर्षं, त्यावर ५०० तासांचं प्रशिक्षण, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तर आणखी तीन. म्हणजे पाच वर्षं, वर काही महिन्यांची ओढाताण. त्या जादा वर्षाच्या बदल्यात विशीतच फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होऊ शकते. घरात लवकर पगार येणं गरजेचं असेल, किंवा मामांच्या दुकानात लायसन्सवर बसायला माणूस हवा असेल (मामांना तोच हवाय का, हेही विनोदाने विचारून बघ), तर डी.फार्मला अर्थ आहे. डी.फार्मला सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते, त्यामुळे त्याचा अर्ज निकालानंतरच होतो. बाबांचं ‘मग बघू’ लागू पडतं ते फक्त इथे. पण थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात आणि डी.फार्मच्या गुणांवर भरतात. शिवाय पदविकेनंतर नोंदणीआधी एक्झिट परीक्षा द्यावी, असा नियम कौन्सिलने २०२२ मध्ये काढला आहे, तेव्हा तुझ्या बॅचला काय लागू आहे ते प्रवेश घेतानाच विचार. तुझी बुद्धी आणि फी-माफी बघता मी तुला थेट बी.फार्म सांगेन. डी.फार्मचा अर्ज मात्र हाताशी असू दे.

शेवटी तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ. रविवारी दुकानात बसायला आवडतं. काय आवडतं, ते नीट तपास. गिऱ्हाइकाशी बोलणं आवडणं वेगळं आणि औषध आवडणं वेगळं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे ५०० तास पुरे करायला आलेली एक मुलगी होती, दिव्याहून यायची. एक आजोबा दोन चिठ्ठ्या घेऊन आले, एक फॅमिली डॉक्टरची, एक हॉस्पिटलमधून सुटताना दिलेली. दोन वेगळी ब्रँड नावं. मी बिल करायला घेतलं, तेवढ्यात ती स्ट्रिपमागचं बारीक वाचून हळूच म्हणाली, ‘काका, दोन्हीकडे टेल्मिसार्टन ४० आहे.’ दोन्ही गोळ्या रोज घेतल्या असत्या तर म्हातारा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला असता. डॉक्टरांना फोन केला, एक बंद झाली. पस्तीस वर्षं काउंटरला असून त्या दुपारी माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. येत्या रविवारी मामांकडे तू हेच करून बघ. ब्रँड झाक, खालचं मूळ नाव वाच. एच-वनची, म्हणजे कडक नियमांखालच्या औषधांच्या विक्रीची वही उघड. त्यात कोणती औषधं लिहावी लागतात आणि ती तीन वर्षं का जपायची, ते मामांना विचार. फ्रिजवरचा २ ते ८ अंशांचा आकडा दिवसातून किती वेळा कोण बघतं ते बघ. एक्सपायरीचा डबा रिकामा करायला घे. हे करताना वेळ कसा गेला कळलं नाही, तर मला पुन्हा लिही. कंटाळा आला तरी लिही.

आणि बी.फार्म म्हणजे मेडिकलच टाकायचं असंही नाही. तुझ्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या ऐरोलीच्या आयटी इमारतींत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तपासणारी मुलं बसतात, त्यात बी.फार्म भरपूर. महापे, तळोज्याला क्वालिटी कंट्रोल आहे. ते पुढचं पुढे.

प्रश्न : सर, माझं वय ३३, राहणार दिघा. २००९ ला बारावी सायन्स झाले, मग लग्न. सहा वर्षं एका मेडिकलमध्ये हेल्पर आहे, औषधं सगळी ओळखते. डी.फार्म करायचं आहे. धाकटा यंदा सिनिअर केजीत आहे. आता अर्ज करू की तो तिसरी-चौथीत गेल्यावर? दुकानात येणारा एक माणूस म्हणतो, असं कॉलेज आहे जिथे जावं लागत नाही, फक्त परीक्षेला यायचं.
— एक वाचक, दिघा

उत्तर : ताई, वयाची वरची अट नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा मॅथ्स असेल तर तुमची जुनी गुणपत्रिका आजही चालते. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्यांना ते पाठ असतं.

त्या माणसाला मात्र दुकानाबाहेरच ठेवा. डी.फार्म पत्रव्यवहाराने होत नाही आणि किमान ७५ टक्के हजेरी लागते. हजेरी न लावता मिळवलेल्या कागदावर तुम्ही उद्या एखाद्या बाळाला औषध देणार, आणि तपासणी आली तर नाव तुमचं लागणार. कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही ते फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर दिसतं. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला सांगितलंत तर पाच मिनिटांत बघून देतील.

कधी, याचं उत्तर मुलाच्या इयत्तेत नाही. तो पहिलीत गेला की त्याची शाळा आणि तुमचं कॉलेज जवळपास एकाच वेळेत भरेल, पण दुपारी एक ते पाच त्याला कोण बघणार? ते नाव आज सांगता येत असेल, तर निकालानंतर डी.फार्मची नोंदणी सुरू होईल तेव्हा यंदाच अर्ज करा. ‘सासूबाई बघतील बहुतेक’ असं असेल तर त्यांना आधी विचारा, मला नंतर. दुसरा प्रश्न पगाराचा. दोन वर्षं दिवसाची नोकरी जाईल. मालक संध्याकाळी सहा ते दहा ठेवतील का, हे प्रवेशाआधी बोलून घ्या. चांगला मालक हो म्हणेल, कारण दोन वर्षांनी त्याला घरचीच फार्मासिस्ट मिळतेय. आणि हेल्परची सहा वर्षं वाया जात नाहीत. फार्माकॉलॉजीच्या पहिल्या तासाला बाकीची मुलं नावं पाठ करतील तेव्हा तुम्हाला त्या गोळीचा रंगही माहीत असेल. रसायनशास्त्र मात्र गंजलेलं असणार. अकरावीचं पुस्तक आत्ताच काढा, रोज दोन पानं.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. एक एजंट म्हणतो, ५० हजार टोकन द्या, बी.फार्मची मॅनेजमेंटची जागा जानेवारीतच पक्की करतो, पुढे सीईटीचं टेन्शन नाही. द्यावेत का?
— पालक, कामोठे

उत्तर : देऊ नका. जानेवारीत पुढच्या वर्षाची जागा कुणाच्याच हातात नसते. कॉलेजची त्या वर्षीची मान्यता आलेली नसते आणि तुमच्या मुलाची बारावीही झालेली नसते. संस्थेच्या कोट्यातल्या जागासुद्धा नंतर जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेने भरायच्या असतात, आणि तो अर्ज तुम्ही स्वतः कॉलेजात जाऊन करू शकता. मुलाचा सीईटीचा फॉर्म भरला का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आज रात्री जेवताना विचारा. एजंटाला मात्र एकच सांगा : कॉलेजच्या नावाची, शिक्क्याची पावती घेऊन या, मग पैसे मोजतो.